घरात बंदूक, घरात मूल : कुलूपबंदीला किती खर्च येतो?

परवान्याचं पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर घ्यायचं म्हटलं की खर्च लाखाच्या घरात जातो. २०१४ साली कानपूरच्या सरकारी आयुध कारखान्यानं महिलांसाठी म्हणून ‘निर्भीक’ हे छोटं रिव्हॉल्व्हर आणलं, तेव्हाच त्याची किंमत सव्वा लाखाच्या आसपास होती. एवढे पैसे मोजल्यावर ते हत्यार ठेवायची जागा मात्र पुष्कळ घरांत फुकटची असते. साड्यांच्या घडीखाली, गादीच्या उशाला, माडीवरच्या ट्रंकेत, नाहीतर कपाटाच्या माथ्यावर फडक्यात गुंडाळून. घरात चार-पाच वर्षांचं मूल असेल तर या जागा उपयोगाच्या नाहीत. त्याऐवजी काय घ्यावं, त्याला किती पैसे लागतात आणि कुठे पैसे न घालताही काम होतं, हे इथे सांगायचं आहे.

या लेखात उज्जैन डोळ्यांसमोर ठेवलं आहे, त्याचं कारण सरळ आहे. अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांनी इथे ठाणं केलं आणि पुढे १८१० च्या सुमारास दौलतरावांनी राजधानी ग्वाल्हेरला हलवली, तरी त्यांच्यासोबत आलेली मराठी घरं इथेच राहिली. अशा काही घरांत आजोबा-पणजोबांची दुनळी अजून आहे. शिवाय सराफ आहेत, पेट्रोल पंपवाले आहेत, सैन्यातून निवृत्त होऊन बँकेच्या दारावर स्वतःची बारा बोअरची बंदूक घेऊन उभे राहणारे आहेत, शेतातल्या रोह्यांना आणि रानडुकरांना कंटाळलेले शेतकरी आहेत. बंदूक घरात असण्याची कारणं वेगवेगळी आहेत आणि संध्याकाळी ती ज्या घरात परत येते, तिथे नातवंडं आहेत.

आधी ‘आमच्या मुलाला माहीतच नाही’ या समजुतीबद्दल बोलायला हवं, कारण कुलपाचे पैसे वाचवायला बहुतेकदा हेच वाक्य कामी येतं. अमेरिकेत अलाबामातल्या ग्रामीण भागात आईवडिलांना आणि मुलांना वेगवेगळं बसवून विचारलेला एक अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलाला बंदुकीची जागा माहीत नाही असं जे पालक म्हणाले, त्यांच्यापैकी ३९ टक्क्यांच्या मुलांनी जागा अचूक माहीत असल्याचं सांगितलं. मुलानं कधी हात लावलेला नाही असं सांगणाऱ्यांपैकी २२ टक्क्यांच्या मुलांनी ती हाताळली होती. आपल्याकडची मुलं याहून कमी चौकस असतील असं मानायला काही आधार नाही. दिवाळीचा फराळ माळ्यावरच्या कुठल्या डब्यात लपवला आहे हे ज्यांना दोन दिवसांत कळतं, त्यांना कपाटातल्या जड गाठोड्याचा पत्ता लागायला कितीसा वेळ लागणार?

दुसरी समजूत म्हणजे ‘आम्ही त्याला बजावून ठेवलं आहे’. २००१ मध्ये अटलांटाच्या डॉक्टरांनी ८ ते १२ वर्षांच्या मुलग्यांना दोघा-तिघांच्या गटानं एका खोलीत बसवलं. तिथल्या खणात खरं, पण निकामी केलेलं पिस्तूल ठेवलेलं होतं. ते ४८ मुलांना सापडलं. त्यातल्या ३० जणांनी ते हातात घेतलं आणि १६ जणांनी ट्रिगर दाबला. हात लावणाऱ्या मुलांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक जणांना बंदुकीबद्दल कुणी ना कुणी आधी समजावलेलं होतं. म्हणून मुलाला जरूर सांगा : दिसली तर हात लावायचा नाही, तिथून निघायचं आणि मोठ्यांना सांगायचं. पण सांगितलं म्हणून कुलपाचा खर्च वाचला असा हिशेब करू नका.

आणि ‘एवढ्याशा बोटांनी ट्रिगर कुठला दाबला जातोय’ हेही खरं नाही. १९९५ मध्ये मुलांच्या बोटांची ताकद मोजणारा अभ्यास झाला. दोन्ही हातांची पहिली बोटं लावून दहा पौंडांचा, म्हणजे साधारण साडेचार किलोंचा ताण तीन-चार वर्षांच्या मुलांपैकी २५ टक्के, पाच-सहा वर्षांच्यांपैकी ७० टक्के आणि सात-आठ वर्षांच्यांपैकी ९० टक्के देऊ शकली. पुष्कळशा पिस्तुलांचा ट्रिगर याहून हलका असतो.

आपल्या देशातलं उदाहरण हवं असेल तर बिहारच्या सुपौल जिल्ह्याचं घ्या. ३१ जुलै २०२४ ला नर्सरीतल्या पाच वर्षांच्या मुलानं दप्तरात पिस्तूल घालून शाळेत नेलं आणि तिसरीतल्या दहा वर्षांच्या मुलावर झाडलं. गोळी हाताला लागली म्हणून तो वाचला. २०१६ मध्ये पठाणकोटला पंधरा वर्षांचा मुलगा वडिलांच्या परवान्याच्या हत्याराबरोबर सेल्फी काढताना गोळी सुटून दगावला. आणि मोठ्यांच्या हातूनही काय होतं ते १ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे मुंबईत दिसलं. अभिनेते गोविंदा यांच्या जुहूच्या घरी त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी त्यांच्या पायात शिरली. कोलकात्याला निघण्याआधी ते कपाटात ठेवताना हातातून पडलं, असं त्यांच्या बाजूनं सांगण्यात आलं. भरलेलं हत्यार कपाटात ठेवायचं नसतं, एवढी एक गोष्ट पाळली तर कपाटापाशी होणारे असे अपघात टळतात.

आधी रिकामं, मग कुलूप

पैसे खर्च करण्याआधी बिनपैशाचं काम. हत्यार कुलपात ठेवण्यापूर्वी रिकामं करणं हे घाईत चुकतं आणि चुकण्याची जागा ठरलेली आहे. पिस्तुलाचं मॅगझिन काढलं की माणसाला वाटतं, झालं रिकामं. पण एक काडतूस नळीच्या मागच्या टोकात चढलेलं असू शकतं आणि ते मॅगझिनबरोबर बाहेर येत नाही. म्हणून बोट ट्रिगरच्या कडीबाहेर, नळी सुरक्षित दिशेला, आधी मॅगझिन काढायचं आणि त्यानंतरच स्लाइड मागे ओढायची. क्रम उलटा झाला, म्हणजे आधी स्लाइड ओढली आणि मग मॅगझिन काढलं, तर एक काडतूस बाहेर पडतं खरं, पण त्याच झटक्यात मॅगझिनमधलं दुसरं आत चढतं. बाहेर पडलेलं काडतूस पाहून माणूस निर्धास्त होतो आणि हत्यार भरलेलंच राहतं. स्लाइड मागे अडकवून, उजेडात आत डोकावून आणि करंगळीनं चाचपून खात्री करायची. रिव्हॉल्व्हरचं सिलिंडर उघडून सगळी घरं रिकामी दिसली पाहिजेत. दुनळी मोडून दोन्ही नळ्यांतून आरपार उजेड दिसला पाहिजे.

‘सुरक्षित दिशा’ म्हणजे काय याचा घरागणिक विचार करावा लागतो. उज्जैनच्या फ्रीगंजमधल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये जमीन ही सुरक्षित दिशा नव्हे, खाली दुसऱ्याचं घर आहे. विटांची एकेरी भिंत हीसुद्धा नव्हे. वाळूनं काठोकाठ भरलेली मोठी बादली एका कोपऱ्यात ठेवली आणि नळी तिच्यात रोखून हत्यार रिकामं केलं, तर चूक झाली तरी गोळी वाळूत जाते. वाळूला शंभर-दोनशे रुपयांपेक्षा जास्त लागत नाहीत. हे काम करताना मूल त्या खोलीत नको आणि दाराला आतून कडी हवी.

पाळायच्या चार गोष्टी आहेत : बंदूक रिकामी, बंदूक कुलपात, काडतुसं वेगळ्या जागी आणि काडतुसंही कुलपात. २००५ मध्ये अमेरिकेतल्या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात, मुलांनी किंवा किशोरांनी अपघातानं वा स्वतःला इजा करून घेताना वापरलेल्या बंदुकांची तुलना त्याच भागातल्या इतर घरांतल्या बंदुकांशी केली गेली. कुलपातल्या बंदुकीबाबत ही शक्यता ७३ टक्क्यांनी कमी निघाली, रिकाम्या बंदुकीबाबत ७० टक्क्यांनी, काडतुसं कुलपात असतील तर ६१ आणि वेगळी ठेवलेली असतील तर ५५ टक्क्यांनी. या चारपैकी दोन गोष्टींना एक पैसाही लागत नाही.

कशाला किती

इथले आकडे अंदाजाचे आहेत. दुकान, माप, सणाची सूट यांनी वर-खाली होतील. भाव विचारताना जीएसटी धरून आणि बसवण्याच्या मजुरीसह विचारा, कारण लॉकर घरपोच आणणं आणि तो भिंतीला ठोकून देणं ही दोन वेगळी कामं म्हणून नंतर पुढे येतात.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे केबलचं कुलूप. प्लास्टिकचं आवरण असलेली पोलादी तार आणि तिच्या टोकाला कुलूप. पाचशे ते दोन हजार रुपयांत मिळतं. पिस्तुलात ती तार मॅगझिनच्या खाचेतून आत घालून वर उघडलेल्या भागातून बाहेर काढतात. मोडलेल्या दुनळीत ती नळीतून ओवतात. तार आत असेपर्यंत हत्यार मिटतच नाही, म्हणून काडतूस भरता येत नाही. ट्रिगरवर दोन्ही बाजूंनी बसणारं कुलूपही याच किमतीत मिळतं, पण मला त्यापेक्षा केबल पसंत आहे. ट्रिगरचं कुलूप भरलेल्या हत्यारावरही लावता येतं आणि तसं लावताना वा काढतानाच गोळी सुटू शकते. केबल लावायची तर हत्यार आधी उघडावंच लागतं. मात्र केबल हा एकटा उपाय नव्हे. कुलूप लावलेलं पिस्तूलही चोर खिशात घालून नेऊ शकतो आणि थोरल्या मुलाला तार कापायची पक्कड सापडू शकते.

पिस्तूल-रिव्हॉल्व्हरसाठी घरगुती डिजिटल लॉकर पुरतो. अनोळखी कंपनीचे छोटे लॉकर चार-पाच हजारांपासून मिळतात, नावाजलेल्या कंपनीचे साधारण आठ ते सोळा हजारांत, बोटाच्या ठशावर उघडणारे बारा ते पंचवीस हजारांत. घेताना दुकानातच तीन गोष्टी करून पाहा. दार बंद करून वरून आणि बाजूनं तळहातानं जोरात थापट्या मारा, कारण काही हलक्या लॉकरांचा खटका धक्क्यानं सरकतो. दाराची आणि कडेची फट बघा, तिच्यात पेचकस शिरत असेल तर तो लॉकर दागिन्यांनाही नको. आणि तळाला व पाठीला बोल्टची भोकं आहेत ना ते पाहा. न ठोकलेला दहा-बारा किलोंचा लॉकर म्हणजे चोराच्या सोयीसाठी एका पेटीत भरून ठेवलेला ऐवज.

ठशाचा लॉकर घ्यावा का? वेळप्रसंगी तो झटकन उघडतो ही त्याची बाजू. शेतात काम करणाऱ्यांच्या, मशीनवर काम करणाऱ्यांच्या बोटांचे ठसे झिजलेले असतात आणि तेव्हा तो दाद देत नाही, ही दुसरी बाजू. ठसा परवानाधारकाचाच नोंदवा. सोय म्हणून पोराचा ठसा घेतला तर सगळा खर्च पाण्यात. आकड्यांचा लॉकर असेल तर कारखान्यातून आलेला आकडा पहिल्याच दिवशी बदला. तो माहितीपुस्तिकेत छापलेला असतो आणि माहितीपुस्तिका इंटरनेटवर असते. नवा आकडा जन्मतारीख, गाडीचा नंबर किंवा मोबाइलचे शेवटचे चार आकडे नको, मुलांना हे सगळं पाठ असतं.

जवळजवळ प्रत्येक डिजिटल लॉकरसोबत बॅटरी संपली तर उघडायला दोन चाव्या येतात. खरी गळती इथे आहे. पंधरा हजारांचा लॉकर आणि त्याची चावी देवघरातल्या फोटोच्या मागे, चहाच्या डब्यात किंवा शेजारच्याच खुंटीवर. एक चावी परवानाधारकाच्या अंगावरच्या जुडग्यात असावी आणि दुसरी घराबाहेर, बँकेच्या लॉकरमध्ये. बॅटरी वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईत बदलून टाका, शंभर-दीडशे रुपयांचं काम आहे.

लांब बंदुकीचं वेगळं आहे. बारा बोअरची दुनळी चार फुटांच्या आसपास असते. घरगुती लॉकरमध्ये ती मावत नाही. साध्या लोखंडी कपाटात उभी मावते, पण त्या कपाटाची चावी घरात सगळ्यांकडे असते. यावर माझ्या मते सगळ्यात चांगला आणि पैशाला परवडणारा उपाय म्हणजे फॅब्रिकेटरकडून अरुंद, उंच पेटी बनवून घेणं. उज्जैनच्या मक्सी रोडच्या औद्योगिक भागात किंवा तुमच्या ओळखीच्या वेल्डरकडे हे काम होतं. हिशेब स्वतः करून जा म्हणजे भाव समजेल. पेटी ५४ इंच उंच, १२ इंच रुंद, १० इंच खोल धरली तर सहा बाजूंचा पत्रा सुमारे १.७ चौरस मीटर होतो. दोन मिलिमीटर जाडीच्या पोलादी पत्र्याचं वजन चौरस मीटरला १५.७ किलो, म्हणजे पत्रा साडेसव्वीस किलो. आतली कोनाची चौकट, बिजागऱ्या, आतला एक कप्पा धरून तीस-बत्तीस किलो. मजुरीसह किलोला दीडशे ते दोनशे रुपये दर सांगितला तर पेटी साडेचार ते साडेसहा हजारांत बसते. त्यावर चांगलं दुहेरी खटक्याचं कुलूप हजार-दीड हजार, रंग पाचशे. एकूण सहा ते साडेआठ हजार. बिजागऱ्या आतल्या बाजूला घ्यायला सांगा, बाहेरच्या बिजागरीचा खिळा हातोडीनं निघतो. वेल्डरला पेटी कशासाठी हे सांगायची गरज नाही. ‘कागदपत्रांसाठी आणि दांड्यांसाठी’ म्हटलं तरी चालतं. घरात बंदूक आहे हे जितक्या कमी लोकांना माहीत तितकं बरं.

काडतुसांसाठी वेगळ्या चावीची छोटी कॅशबॉक्स आठशे ते दोन हजारांत मिळते. ती बंदुकीच्या लॉकरमध्ये ठेवू नका, दुसऱ्या खोलीत ठेवा. काडतुसं मोजून, मूळ खोक्यात, तारीख आणि संख्या लिहून. परवान्यावर एकावेळी किती बाळगायची आणि वर्षाला किती घ्यायची ते लिहिलेलं असतं, त्यामुळे ही वही तशीही उपयोगी पडते.

बसवण्याची मजुरी पाचशे ते हजार. इथे उज्जैनच्या जुन्या वस्तीतल्या वाड्यांबद्दल सांगायला हवं. गोपाळ मंदिराच्या आसपासच्या जुन्या घरांत माती-चुन्याच्या जाड भिंती आहेत. त्यांत साधा अँकर बोल्ट धरत नाही, दोन महिन्यांत भुसभुशीत होऊन हलायला लागतो. तिथे लॉकर फरशीखालच्या काँक्रीटला ठोका किंवा भिंतीत सिमेंटचा ठोकळा भरून घ्या. जुन्या वाड्यातला भिंतीतला कोनाडा, ज्याला लाकडी दार आहे, तो काही तिजोरी नव्हे. पण त्याच कोनाड्यात मापाचा लॉकर चिणून घेतला तर त्यासारखी जागा नाही.

पावसाळ्यात बंद पेटीत ओल धरते आणि नळी गंजते. मग माणूस ‘हवा लागू दे’ म्हणून बंदूक बाहेर काढून ठेवतो आणि कुलूपबंदी तिथेच संपते. सिलिका जेलची पाकिटं शे-दोनशे रुपयांत मिळतात. ती पेटीत ठेवा, दर महिन्याला बदला, आणि कातडी म्यानात हत्यार कधीच साठवू नका, कातडं ओल ओढतं.

म्हणजे पिस्तूल असलेल्या घराला केबल, मध्यम लॉकर, काडतुसांची पेटी, मजुरी धरून बारा ते वीस हजार. दुनळीच्या घराला साधारण नऊ ते बारा हजार. तेवढे आज नसतील तर आज केबल आणि काडतुसांची पेटी घ्या, दीड-दोन हजारांत दोन्ही येतात, आणि लॉकर होईपर्यंत हत्यार बाहेर जमा करा.

बाहेर जमा करणं

हा पर्याय लोक फक्त निवडणुकीत वापरतात. आचारसंहितेच्या काळात जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या आदेशानं हत्यारं पोलीस ठाण्यात जमा होतात आणि निकाल लागला की जो तो आपलं उचलून आणतो. पण घरात बाळ येणार आहे, सून माहेरून तान्ह्या मुलाला घेऊन येते आहे, घराची डागडुजी चालू आहे आणि कपाटं अंगणात आली आहेत, अशा वेळीही जमा करण्यासाठी विचारणा करता येते. शस्त्रं ठेवून घेण्याचा परवाना असलेला विक्रेताही ती सांभाळतो. त्याचं महिन्याचं भाडं आधी ठरवून घ्या आणि पावतीवर हत्याराचा क्रमांक, काडतुसांची संख्या आणि तारीख स्वतः वाचून पाहा.

२०२८ च्या सिंहस्थात उज्जैनमध्ये घरोघरी पाहुणे येतील, पुष्कळजण खोल्या यात्रेकरूंना देतील. पाहुण्यांची मुलं घर हुंदडणार. त्या दोन महिन्यांसाठी हत्यार जमा करण्याची व्यवस्था आतापासून डोक्यात ठेवा. ऐन गर्दीत ठाण्यात कुणाला फुरसत नसते.

घरात किशोरवयीन मुलगा वा मुलगी उदास असेल, शाळा-परीक्षेनं खचलेली असेल, किंवा कुणी मोठं माणूस नैराश्यातून जात असेल, तर लॉकर कितीही भारी असला तरी हत्यार घराबाहेर गेलंच पाहिजे. किशोर मुलं आकडा शोधून काढतात. आणि टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनशी १४४१६ या मोफत क्रमांकावर कुठल्याही वेळी बोलता येतं, भाषा निवडता येते.

सणाला बाहेर आलेली बंदूक

वर्षभर कुलपात असलेली बंदूक खंडेनवमीला बाहेर येते. पाटावर तलवार, कट्यार, दुनळी मांडतात, हळदकुंकू लावतात, झेंडू वाहतात, आणि सगळी मुलं पाटाभोवती गोळा होतात. पूजा जरूर करावी. पण पाटावर येणारी बंदूक आदल्या रात्रीच रिकामी करून, केबल ओवून ठेवलेली असावी आणि काडतुसं ताम्हनाच्या जवळपासही नसावीत. दसऱ्यापर्यंत आयुधं देवापुढेच राहू देण्याची घरची रीत असेल तर तलवार उंचावर राहू द्या. बंदूक मात्र आरती झाली की पेटीत. नैवेद्याला उशीर झाला तरी हे आधी.

लग्नाच्या वरातीत हवेत बार काढणारे अजून आहेत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर शस्त्र कायद्याच्या २५ व्या कलमात याची स्पष्ट तरतूद आहे : इतरांच्या जिवाला धोका होईल असा आनंदाचा गोळीबार केला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याच दुरुस्तीनं एका व्यक्तीकडच्या हत्यारांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं केली. निष्काळजीपणानं कुणाचा मृत्यू झाला तर भारतीय न्याय संहितेच्या १०६ व्या कलमाखाली पाच वर्षांपर्यंत कैद आहे. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे परवान्याच्या अर्जासोबत हत्यार सुरक्षित ठेवण्याची हमी आपणच लिहून दिलेली असते, हेही ध्यानात ठेवा. हत्यार किंवा काडतुसं चोरीला गेली, सापडेनात, तर ताबडतोब ठाण्यात कळवायचं असतं. ‘घरातच असेल कुठेतरी’ म्हणून आठवडा घालवू नये.

दिवाळीच्या सुट्टीत मुलांना दिली जाणारी छऱ्याची बंदूकही याच लेखात येते. ०.१७७ इंचापर्यंतच्या नळीची आणि २० जूलपर्यंतच्या ताकदीची एअरगन परवान्याशिवाय मिळते, म्हणून ती खेळणं समजली जाते. तिचा छरा डोळा कायमचा घालवू शकतो. तिलाही कुलूप आणि छऱ्यांची डबी वेगळ्या कप्प्यात. त्यासाठी नवीन खर्च नाही, वेल्डरकडून केलेल्या पेटीत ती सहज मावते.

आजोबांनंतर

परवाना ज्याच्या नावावर, हत्यार त्याचंच. आजोबा गेल्यावर बंदूक आपोआप मुलाच्या मालकीची होत नाही. ती ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची आणि वारसानं स्वतःच्या नावाच्या परवान्यासाठी अर्ज करायचा. आजोबा हयात असतानाही, त्यांचं वय ७० झालं किंवा हत्यार २५ वर्षं त्यांच्याकडे असलं, की वारसाला अर्ज करता येतो. हे काम वेळीच करा. तेराव्यानंतर कपाटं रिकामी करताना, माणसांनी भरलेल्या घरात, भरलेली बंदूक पोरांच्या हाती लागण्याची भीती मोठी असते, कारण ती भरलेली आहे की रिकामी हे जाणणारा माणूसच गेलेला असतो. अशी बंदूक सापडली आणि तुम्हाला ती उघडता येत नसेल तर हात लावू नका, खोलीला कुलूप लावा आणि ११२ वर फोन करा.

पुष्कळ वारसांना बंदूक नकोच असते, फक्त आठवण म्हणून सोडवत नाही. अशांनी ती विकावी किंवा परवानाधारक विक्रेत्यामार्फत मार्गी लावावी, असं मी ठामपणे सांगेन. वापर नाही, सराव नाही, आणि दर पाच वर्षांनी नूतनीकरणाची धावपळ. आठवणीला फोटो पुरेसा आहे, आणि तलवार आहेच.

स्वतःच्या घरी हत्यार नसलेल्यांसाठीही एक काम आहे. मे महिन्यात मुलं मामाकडे, आत्याकडे राहायला जातात. निघण्याआधी फोनवर विचारायला संकोच वाटतो, तरी विचारा. वाक्य साधं ठेवा : ‘दादा, पोरं येताहेत आठ दिवस. तुझं रिव्हॉल्व्हर लॉकरमध्ये आहे ना? आणि चावी तुझ्याजवळच ना?’ पोराला दाण्याची ॲलर्जी आहे हे आपण सांगतोच, त्याच सुरात. उत्तर ‘हो, वर ठेवलंय, कुणाच्या हाताला येत नाही’ असं आलं, तर ‘वर’ म्हणजे लॉकर नव्हे हे समजून घ्या. मग मुलांना पाठवण्याऐवजी मामा-मामींनाच आपल्याकडे बोलवा, आणि ते येण्याआधी त्यांच्यासाठी केबलचं एक कुलूप आणून ठेवा.